नी जर्क जास्त, अँकल जर्क गायब: मानेच्या ऑपरेशनआधी थांबलेलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण अमळनेर-पारोळा पट्ट्यातले शेतकरी, वय ५६. कापूस मुख्य, विहिरीच्या पाण्यावर थोडी बागायत. नाव इथे आप्पा ठेवतो. खान्देशात दर दुसऱ्या घरात एक आप्पा असतात, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही. गाव, काळ आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. तपासणीच्या नोंदी होत्या तशाच ठेवल्या आहेत.

आप्पा माळकरी. विशीत माळ घातली तेव्हापासून अंडं-मटण बंद. दारात दोन म्हशी, पण दूध दोन्ही वेळा डेअरीला जातं, घरात चहापुरतं उरतं. जेवणात कळण्याची भाकरी, ठेचा, डाळ, हिवाळ्यात भरीत. मधुमेह नऊ वर्षांपासून; मेटफॉर्मिन दिवसाला दोन ग्रॅम, साखर बऱ्यापैकी ताब्यात. शिवाय छातीतल्या जळजळीसाठी कधीतरी सुरू झालेली पॅन्टोप्राझोलची गोळी गेली चार वर्षं रोज उपाशीपोटी चालू होती. ती कोणी लिहून दिली आणि बंद कधी करायची होती, हे घरात कोणालाच आठवत नव्हतं. अशा गोळ्या पुष्कळ घरांत असतात.

माझ्याकडे ते आले ते निदानासाठी नव्हेच. मानेचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधी फिजिशियनची 'फिटनेस' हवी होती. साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे बघायचा आणि सही करायची, एवढंच काम होतं.

तक्रार आणि तोवरचा प्रवास

आठ महिन्यांपूर्वी दोन्ही तळपायांना मुंग्या सुरू झाल्या. मग पायातली चप्पल कधी निसटली ते कळेनासं झालं. आप्पांनी स्वतःच्या अहिराणीत सांगितलं ते मी केसपेपरवर तसंच उतरवून घेतलं: "डॉक्टरसाहेब, मन्हा पाय कापूसवर पडी ऱ्हायनात असं वाटस. जमीनच लागत नई."

दिवसा चालणं कसंबसं निभायचं. पण शेतपंपाची लाईट रात्रीची असली की मोटार चालू करायला बांधावरून जाताना ते दोनदा पडले. हातात बॅटरी असली तर ठीक, बॅटरी गेली की पाय कुठे पडतोय याचा पत्ता नाही. सकाळी न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, म्हणून एक हात भिंतीला लावून दुसऱ्या हाताने तोंड धुवायची सवय लागली होती. ही गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली नाही. विचारल्यावर पत्नी म्हणाल्या, "हो ना, भिंतीवर हाताचा डागच पडलाय."

तोवरचे कागद पिशवीत नीट रचलेले होते. पहिल्या डॉक्टरांनी 'नसांची कमजोरी' म्हणून तीन लाल इंजेक्शनं दिली. ती बी-१२ ची असतात, पण गावात त्यांचं नाव 'ताकदीचं' किंवा 'नसांचं' इंजेक्शन. पुढे कंबरेचा एमआरआय झाला, त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलेली दिसली. पट्टा, ट्रॅक्शन, मुंग्यांची गोळी झाली, फरक पडला नाही. चालणं आणखी बिघडल्यावर मानेचा एमआरआय झाला आणि सी-५/सी-६ ला, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये, गादीचा दाब मज्जारज्जूला टेकलेला आढळला. सर्जननी पाय तपासले, नी जर्क (गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पायाला बसणारा झटका) वाढलेले आणि तळव्यावर ओरखडा काढल्यावर पायाचा अंगठा वर जाणारा मिळाला, आणि मानेचा दाब काढायचं ठरलं.

हा निर्णय उतावळा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. मानेत दाब आहे आणि पायांत मज्जारज्जूची लक्षणं आहेत, तर वेळ घालवू नये, हे रास्तच. दाब जुना होत गेला तर नंतर काढूनही गेलेलं सगळं परत येत नाही.

हॅमर काय म्हणाला

आधी रिफ्लेक्सचं गणित थोडक्यात. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर) हॅमर पडला की मांडीचा स्नायू क्षणभर ताणला जातो. त्या ताणाची खबर जाड संवेदी तंतूतून मज्जारज्जूत जाते, तिथे एकाच जोडणीतून थेट चालक पेशीला मिळते आणि स्नायू आकसतो. सगळं मिळून सेकंदाच्या छोट्याशा अंशाचा कारभार; मेंदूला विचारायची गरज नसते. मेंदूचा हात असतो तो लगाम म्हणून. म्हणून वाटेतली नस खराब झाली तर झटका मंदावतो किंवा जातो, आणि वरून येणारा लगाम सुटला तर झटका वाढतो. १८७५ साली जर्मनीत एर्ब आणि वेस्टफाल या दोघांनी वेगवेगळं काम करून नी जर्क नोंदवला, तेव्हापासून या साध्या हातोडीने पत्ता शोधायचं काम चालू आहे. नी जर्क कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मज्जामुळाचा (मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेच्या मुळाचा), अँकल म्हणजे घोट्याचा जर्क त्रिकास्थीच्या पहिल्या मुळाचा, बायसेप्स मानेच्या पाचव्या-सहाव्याचा, ट्रायसेप्स मुख्यतः सातव्याचा.

आप्पांना कॉटवर बसवलं, पाय लोंबते ठेवले. औषध कंपन्या भेट देतात ती तिकोनी छोटी हातोडी मी वापरत नाही. तिला वजन नसतं, मग मनगटाने जोर द्यावा लागतो आणि दर वेळी जोर वेगळा पडतो. लांब दांड्याची, गोल चकतीची हातोडी नुसती सोडायची, ती आपल्या वजनाने पडते.

नी जर्क दोन्हीकडे ३+, म्हणजे वाढलेला. नुसता जोरात नव्हे, तर वाटीच्या वरच्या बाजूला टिचकी मारली तरी पाय उडत होता, आणि उजवीकडे मारताना डावी मांडी आत ओढली जात होती.

अँकल जर्क मात्र मिळेना. झोपवून, पाय बाहेर वळवून बघितला. मग खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं, पावलं मागे लोंबती ठेवून टाचेवरच्या कंडरेवर मारलं. तळव्यावर आपला हात ठेवून हातावर मारायची पद्धतही करून झाली. शेवटी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून "ओढा, दात आवळा" म्हणत त्याच क्षणी हॅमर सोडला. हंगेरीच्या येंड्रासिकने १८८५ मध्ये सांगितलेली ही युक्ती. झोपलेला रिफ्लेक्स तिने जागा होतो. दोन्हीकडे शून्यच. एवढं केल्याशिवाय केसपेपरवर 'गायब' लिहू नये असं माझं मत आहे, कारण घाईत न मिळालेला अँकल जर्क आणि खरोखर गेलेला अँकल जर्क कागदावर सारखेच दिसतात.

मग तळवे. बाबिन्स्कीने १८९६ मध्ये दाखवलेली खूण सगळ्यांना पाठ असते: तळव्याच्या बाहेरच्या कडेने किल्ली ओढली की प्रौढ माणसाचा अंगठा खाली वळायला हवा, वर गेला तर वरच्या मार्गात बिघाड. पण आयुष्यभर अनवाणी ढेकळं तुडवलेल्या पायाला अर्धा सेंटीमीटर कातडी आणि त्यात बोट जाईल अशा भेगा. किल्ली ओढली तरी डाव्या अंगठ्याने धड उत्तर दिलं नाही. अशा वेळी बाहेरच्या घोट्याखालून पावलाच्या कडेने ओरखडा काढायची चॅडॉकची पद्धत कामाला येते, तिथली कातडी मऊ असते. दोन्हीकडे अंगठा सावकाश वर गेला, बाकीची बोटं पंख्यासारखी फाकली. शेतकऱ्यांच्या दवाखान्यात बसणाऱ्याने ही पद्धत हाताशी ठेवावी.

हात बघितले तर बायसेप्स, सुपिनेटर (मनगटाजवळचा), ट्रायसेप्स सगळे २+, म्हणजे नेहमीसारखे. मधल्या बोटाचं नख टिचकवून बघायची हॉफमन खूण, जी मानेतल्या मज्जारज्जूच्या बिघाडाकडे बोट दाखवते, ती नाही. जबड्याचा जर्क साधा. मुठीची पकड चांगली, सदऱ्याची बटणं झटपट लावली.

ट्यूनिंग फोर्कची थरथर घोट्याला नाही, गुडघ्याला नाही, कंबरेच्या हाडावर आली. पायाचा अंगठा वर आहे की खाली, हे डोळे मिटून सांगता येईना. टाचणीची टोच मात्र तळव्यापर्यंत बऱ्यापैकी कळत होती. पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले, तर मुलाने धरलं म्हणून पडले नाहीत.

पेच

गुडघ्याचा झटका जास्त आणि त्याच पायातला घोट्याचा गायब, वर अंगठा वर जाणारा. एकट्या मानेच्या दाबाने हे चित्र बसत नाही. दाब मानेत असेल तर त्याच्या खालचं सगळं, म्हणजे अँकलसुद्धा, वाढलेलं मिळायला हवं. आणि सी-५/सी-६ च्या पातळीला सुपिनेटर मंद, ट्रायसेप्स तेज असं काही हातात दिसायला हवं. हात तर स्वच्छ.

याची चार-पाच उत्तरं संभवत होती आणि कोणतंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

पहिलं, मानेचा दाब अधिक मधुमेह. नऊ वर्षांच्या मधुमेहात अँकल जर्क जाणं नेहमीचंच. सर्जनच्या कागदावर हेच गृहीत होतं. दुसरं, मान आणि कंबर दोन्हीकडे दाब: वरच्याने नी जर्क वाढवला, खालच्याने अँकलची नस दाबली. कंबरेच्या एमआरआयमुळे हेही शक्य वाटे, पण एका गादीने दोन्ही बाजूंचा अँकल इतका साफ जाणं आणि पायाच्या पोटरीत वेदना नसणं हे पटत नव्हतं. तिसरं, बी-१२ ची कमतरता. ती एकाच वेळी दोन ठिकाणी मारते: मज्जारज्जूच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यांवर, आणि पायाच्या नसांवर. म्हणून एकाच आजारात वाढलेला आणि गेलेला असे दोन्ही रिफ्लेक्स मिळू शकतात. थरथर आणि सांध्याची जाण पार गेलेली, टोच राखलेली, हेही त्याच बाजूला झुकणारं. शिवाय माळ, मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल असा तिहेरी योग: अन्नात बी-१२ कमी, जे आहे ते अन्नापासून सुटायला लागणारं जठरातलं आम्ल गोळीने दाबलेलं, आणि आतड्यात शोषण मेटफॉर्मिनने घटवलेलं. उरलेल्या शक्यता म्हणजे जुना सिफिलिस, एचआयव्ही, तांब्याची कमतरता. यातल्या पहिल्या दोन रक्ततपासणीत टाकल्या, तिसरी मागे ठेवली.

रक्ताचे रिपोर्ट आले आणि पेच सुटायच्या ऐवजी वाढला. हिमोग्लोबिन ११.२. लाल पेशींचा सरासरी आकार ९६, म्हणजे सामान्य मर्यादेत. बी-१२ ची पातळी ४१२ पिकोग्रॅम. २०० च्या खाली कमतरता धरतात, त्या हिशोबाने उत्तम. मुलगा म्हणाला, "साहेब, मग बी-१२ तर नाहीच ना?"

तो आकडा त्या तीन लाल इंजेक्शनांचा होता. इंजेक्शन घेतलं की रक्तातली पातळी वर जाते. नस आणि मज्जारज्जू मात्र लगेच सुधारत नाहीत. त्यात लोहही कमी निघालं, आणि लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात, बी-१२ च्या कमतरतेने मोठ्या. दोन्ही एकत्र असले की सरासरी मध्यावर येऊन बसते. पॅथॉलॉजिस्टना फोन करून स्लाईड पुन्हा बघायला सांगितली. पाच-सहा पाळ्यांचे केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशी त्यांना सापडल्या, त्या बी-१२ च्या कमतरतेकडे बोट दाखवतात. बी-१२ कमी पडलं की रक्तात साठणारं होमोसिस्टीन ४८ मायक्रोमोल आलं. १५ च्या वर वाढलेलं धरतात. मूत्रपिंड आणि थायरॉईड ठीक होते, त्यामुळे ते वाढायची दुसरी सोपी कारणं बाजूला पडली. मिथाइलमॅलॉनिक आम्लाची तपासणी अधिक नेमकी ठरली असती, पण नमुना मुंबईला जाणार होता आणि खर्चही होता. ती केली नाही.

मानेच्या एमआरआयच्या आडव्या कापांवर मागच्या पट्ट्यांत पांढरी छटा आहे का, असं रेडिओलॉजिस्टना विचारलं. "दोन-तीन कापांत शंका येते, पण पेशंट हलला आहे, मी लिहून देणार नाही," असं त्यांनी सांगितलं. मला ते उत्तर आवडलं. एमआरआयमध्ये छटा नसली म्हणून बी-१२ चा आजार नाकारता येत नाही, आणि शंकेच्या छटेवर निदान उभंही करता येत नाही.

तीन वाटा

ऑपरेशन ठरल्या दिवशी होऊ द्यायचं आणि बी-१२ बरोबरीने चालू करायचं, ही पहिली वाट. यात मानेकडून होणारा धोका लांबत नव्हता. दुसरी वाट, ऑपरेशन रद्द करून फक्त इंजेक्शनं. तिसरी, ऑपरेशन सहा आठवडे पुढे ढकलायचं, इंजेक्शनं पूर्ण मात्रेत सुरू करायची आणि रिफ्लेक्स, चालणं, तोल यांवर नजर ठेवून पुन्हा ठरवायचं.

पहिल्या वाटेत एक खड्डा होता, तो भूलतज्ज्ञांनी लगेच ओळखला. भुलीत वापरला जाणारा नायट्रस ऑक्साईड वायू बी-१२ मधल्या कोबाल्टचं ऑक्सिडीकरण करून ते निकामी करतो. ज्याचा साठा आधीच तळाला आहे अशा माणसाचे पाय भुलीनंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत झपाट्याने बिघडू शकतात, आणि मग सगळे ऑपरेशनला दोष देत बसतात. तो वायू टाळूनही भूल देता येते, त्यामुळे हा अडथळा पार करता येण्यासारखा होता. पण दुसरा प्रश्न उरत होताच: दोन्ही उपचार एकाच आठवड्यात झाले आणि पाय सुधारले, तर कशाने सुधारले हे कधीच कळणार नव्हतं. आणि सुधारले नाहीत, तर पुढे काय शोधायचं तेही.

दुसरी वाट मला धाडसाची वाटली. मानेतला दाब खरा होता, फक्त आजच्या लक्षणांचा धनी तो आहे का, हा प्रश्न होता.

सर्जनशी फोनवर सविस्तर बोललो. हात स्वच्छ आहेत आणि अँकल गायब आहे, हे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की सहा आठवडे थांबायला हरकत नाही, पण हातात बेढबपणा आला, लघवी अडली किंवा पडणं वाढलं तर त्याच दिवशी पाठवा. या तीन गोष्टी मराठीत कागदावर लिहून मुलाच्या हातात दिल्या.

घरच्यांना पटवणं मात्र जड गेलं. योजनेतली मंजुरी आली होती, तारीख मिळाली होती, पुण्याहून जावई रजा टाकून आले होते. इंजेक्शनाने भागणार असेल तर एवढे दिवस फिरवलं कशाला, हा त्यांचा सवाल, आणि इंजेक्शनाने नाही भागलं तर तारीख पुन्हा मिळेल का, हा दुसरा. पहिल्याला मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यासाठी सर्जननीच तारीख रद्द न करता पुढे सरकवून दिली.

आप्पांची शंका वेगळीच होती: "हाई इंजेक्शन शाकाहारी शे ना?" बी-१२ कारखान्यात जिवाणूंच्या किण्वनातून बनवतात, प्राण्याच्या मांसातून काढत नाहीत, हे सांगितल्यावर त्यांनी दंड पुढे केला. हा प्रश्न माळकऱ्यांना पडतोच, बरेच जण विचारत नाहीत आणि इंजेक्शनं अर्धवट सोडतात. आपणच आधी सांगून टाकावं.

उपचार

१००० मायक्रोग्रॅम स्नायूतून, पहिला आठवडा रोज, मग काही आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्याला एक, पुढे महिन्याला एक. गावच्या डॉक्टरांनी ती टोचायची जबाबदारी घेतली. लोहाची गोळी दिली. फॉलिक आम्ल बी-१२ भरपूर सुरू झाल्यानंतरच दिलं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. पॅन्टोप्राझोल बंद केलं. मेटफॉर्मिन ठेवलं, कारण साखर त्याच्यावर चांगली होती आणि इंजेक्शनातलं बी-१२ आतड्यातून शोषावं लागत नाही. रात्री मोटारीवर जाणं बंद, ते काम मुलाकडे.

पाठपुरावा आणि दुसरा पेच

रिफ्लेक्सच्या नोंदीसाठी केसपेपरवर काडीचा माणूस काढला आणि प्रत्येक सांध्यापाशी आकडा लिहिला: शून्य, १+, २+, ३+, ४+. तीच खुर्ची, तीच हातोडी, तोच क्रम. मुलाच्या मोबाईलवर प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. हे आकडे मोजमाप नसतात, तपासणाऱ्याचा अंदाज असतो. माझा ३+ दुसऱ्याचा २+ असू शकतो. व्हिडिओ असला की तो वाद निदान डोळ्यांसमोर घालता येतो.

दुसऱ्या आठवड्यात मुंग्या वाढल्या. आप्पा घाबरले, सुरुवातीला असं होतं हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून इंजेक्शनं सुटली नाहीत. सहाव्या आठवड्यात दोन्ही हातांनी तोंड धुता येऊ लागलं. रिफ्लेक्स मात्र जागचे हलले नव्हते: गुडघे ३+, घोटे शून्य, अंगठे वर. फक्त हॅमरवर विसंबलो असतो तर उपचार फसले असं वाटलं असतं. चालणं, तोल आणि थरथरीची जाण सुधारत होती, हात स्वच्छ होते, म्हणून ऑपरेशन आणखी पुढे ढकललं.

तिसऱ्या महिन्यात उजव्या घोट्याला, बोटं ओढून धरल्यावर, बारीकशी हालचाल मिळाली. १+.

पाचव्या महिन्यात खरी परीक्षा झाली. अँकल जर्क दोन्हीकडे आले, आणि आले ते थेट ३+. डावं पाऊल झटकन वर दाबलं की तीन-चार ठोके थरथरायचं. त्या दिवशी सोबत असलेल्या रेसिडेंटने (शिकाऊ डॉक्टरने) लगेच लिहिलं, 'रिफ्लेक्स वाढले, मज्जारज्जूवरचा दाब वाढत असावा, तातडीने सर्जनकडे.' कागदावरच्या आकड्यांकडे बघितलं तर त्याचं चूक नव्हतं. शून्यावरून तीनवर जाणं म्हणजे बिघाड वाढणं, असं पुस्तक सरळ वाचलं तर निघतं.

पण बी-१२ च्या आजारात वाट दोन ठिकाणी तुटलेली असते. वरचा लगाम सुटलेला होताच, खालची नस बंद असल्यामुळे तो घोट्यात दिसत नव्हता. नस सुधारली, खबर पुन्हा जाऊ लागली, आणि इतके दिवस झाकलेला वरचा बिघाड उघड झाला. उपचारांत गेलेले रिफ्लेक्स परत येताना नेहमीपेक्षा तेज येऊ शकतात, ही ओळखीची गोष्ट आहे. दोन्ही अर्थ एकाच आकड्यातून निघत होते, त्यामुळे आकडा बाजूला ठेवून बाकीचं बघितलं. डोळे मिटून आता ते जरा डुलत, पण उभे राहत. थरथर गुडघ्याला आली होती. हातांचे रिफ्लेक्स पहिल्या दिवसाच्या व्हिडिओतल्यासारखेच, हॉफमन नाही. मानेचा दाब वाढत असता तर चालणं बिघडायला हवं होतं, ते सुधारत होतं.

तरी मानेचा एमआरआय पुन्हा केला. खर्चाचं वाईट वाटलं, पण मानेत दाब असताना नुसत्या तर्कावर बसणं मला मंजूर नव्हतं. गादी होती तशीच, दाब वाढलेला नव्हता. सर्जननी दोन्ही वेळचे व्हिडिओ बघितले आणि रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवायचं ठरवलं.

निष्पत्ती

दहाव्या महिन्यात उजवा अंगठा खाली वळू लागला, डावा अजून धड वरही नाही, खालीही नाही. गुडघे ३+ च आहेत आणि बहुधा राहतील. पायाच्या बोटांना थरथर अजून कळत नाही. आप्पा काठीशिवाय शेतात जातात, बांधावर अंधारात जात नाहीत. आषाढी वारीत काही टप्पे दिंडीसोबत चालले, उरलेले टेम्पोत बसून केले. बी-१२ चं इंजेक्शन महिन्याला कायम. साखर आणि साठा तपासायचं वेळापत्रक वेगळं.

मानेचं ऑपरेशन कधीच लागणार नाही असं मी त्यांना सांगितलेलं नाही. गादी तिथेच आहे. दर सहा महिन्यांनी हात तपासायचे ठरलं आहे आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने नायट्रस ऑक्साईडची सूचना आहे.

पत्नीही माळकरी आणि तेच जेवण जेवणाऱ्या, म्हणून त्यांचं रक्त तपासलं. कोणतीही तक्रार नसताना बी-१२ १५८ निघालं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली लाल सिरींज टोचायच्या आधी पाच मिलिलीटर रक्त काढून ठेवलं असतं, तर अर्धं कोडं पहिल्याच आठवड्यात सुटलं असतं. छोट्या गावात हे अवघड वाटतं, पण कलेक्शन सेंटरचे मुलगे आता बहुतेक मोठ्या गावांत फिरतात. तपासणी परवडत नसेल तर निदान इंजेक्शनाची तारीख कागदावर लिहावी. पुढे बी-१२ चा 'नॉर्मल' आकडा बघणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो.

कंबरेचा एमआरआय टाळता आला असता असं मला वाटतं. तो सांगण्याआधीच्या कागदावर 'रिफ्लेक्स नॉर्मल' एवढे दोनच शब्द आहेत. नी जर्क ३+ तेव्हाही असावेत. तसे लिहिले असते तर बिघाड कंबरेच्या वर आहे हे दिसलं असतं, कारण कंबरेची नस दाबली गेली तर रिफ्लेक्स वाढत नाही, कमी होतो. गर्दीच्या ओपीडीत पाच सांधे दोन्ही बाजूंनी तपासायला वेळ नसतो, हे मान्य. गुडघे, घोटे आणि तळवे एवढे तरी व्हावेत, आणि तिघांचे आकडे वेगवेगळे लिहावेत. या प्रकरणात पत्ता सापडला तो तीन आकड्यांचं आपसांत न पटण्यामुळे. 'नॉर्मल' या एका शब्दात ते न पटणं हरवलं होतं.

मिथाइलमॅलॉनिक आम्लाबद्दल मी अजूनही दोन मनांत आहे. ते केलं असतं तर सर्जनना आणि घरच्यांना पटवणं सोपं गेलं असतं. उपचार मात्र त्या रिपोर्टसाठी थांबवले नसते, आणि आलेला रिपोर्ट सामान्य असता तरी त्या रिफ्लेक्सवर इंजेक्शनं दिलीच असती.

पाचव्या महिन्याच्या पेचाबद्दल रेसिडेंटशी पुढे बोलणं झालं. त्याचा मुद्दा असा की रिफ्लेक्स वाढले की आधी धोक्याचा अर्थ घ्यावा आणि मग तो खोडून काढावा. मला तो मान्य आहे. म्हणूनच दुसरा एमआरआय केला. फक्त सर्जनला पाठवायच्या चिठ्ठीत 'रिफ्लेक्स वाढले' याच्या पुढे 'आधी शून्य होते, चालणं सुधारत आहे' हे लिहायला हवं होतं, आणि ती चिठ्ठी आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिली.